पाठ असलेलं गाणं तुम्हाला खरं केव्हा कळलं?

मंडळी, आवडत्या गाण्यांच्या याद्या आपण पुष्कळ केल्या. आज जरा वेगळं लिहूया. वर्षानुवर्षं पाठ असलेलं एखादं भावगीत किंवा निसर्गकविता एके दिवशी अचानक उलगडली, असं तुमचं झालंय का? केव्हा, कशामुळे?

सुरुवात मी करते. शांता शेळके यांचं, सुधीर फडक्यांनी चाल लावून गायलेलं 'तोच चंद्रमा नभात'. कॉलेजात मला त्यातलं चांदणं आणि चैत्राची रात्र एवढंच ऐकू यायचं. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर ते पुन्हा नीट ऐकलं आणि आतला सल लागला. सगळं तेच आहे, माणूसही तोच, पूर्वीची ती आर्तता तेवढी नाही. पुढे समजलं, की यामागे एक संस्कृत श्लोक आहे आणि त्यात बोलणारी स्त्री आहे. शांताबाईंनी तीच व्यथा पुरुषाच्या तोंडी दिली. दोघांनाही ती असू शकते, हे मला तेव्हा पटलं.

०००

मी मराठी शिकवते. बालकवींची 'औदुंबर' अवघ्या आठ ओळींची. मुलांना मी आधी अर्थ सांगत नाही, चित्र काढायला लावते. हिरवी कुरणं, निळासावळा झरा, पांढरी पायवाट, काळा डोह. रंग कवीनेच हातात दिलेत. एका मुलीने पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड काढलं आणि म्हणाली, "बाई, तो कुणाची तरी वाट बघतोय." गाइडात असलं काही नसतं. तेव्हापासून मलाही तो औदुंबर तसाच दिसतो. बालकवी १९१८ साली गेले, अवघ्या सत्तावीस वर्षांचे असताना. ते वय सांगितलं की वर्ग गप्प होतो.

०००

'श्रावणात घननिळा' पेटीवर बसवायला घेतलं तेव्हा. पहिला अंतरा जमला म्हणजे पुढचे आलेच, असं वाटलं होतं. पण श्रीनिवास खळ्यांनी प्रत्येक अंतऱ्याची चाल निराळी बांधली आहे! इतकी वर्षं लताबाईंच्या आवाजात ऐकताना ते लक्षातही आलं नव्हतं, इतकं ते सहज आहे.

०००

आमची कोरडवाहू शेती. महानोरांना लोक निसर्गकवी म्हणतात, मला ते आधी शेतकरी वाटतात. पळसखेडला स्वतः शेती करणारा माणूस. १९६७ साली 'रानातल्या कविता' आल्या, त्यातलं रान सहलीचं नाही. पेरणी, ओल, भरलेलं पीक आणि बाईमाणसाची ओढ, सगळं एकाच दमात येतं. माझे वडील फारसं वाचत नव्हते. पण मृगाचा पाऊस झाला की 'जैत रे जैत' चित्रपटातलं महानोरांचं 'नभ उतरू आलं' गुणगुणत घरात यायचे. आईकडं बघायचे नाहीत. आई मात्र चुलीकडं तोंड करून हसायची. ते हसू कशाचं, हे मला माझं लग्न झाल्यावर समजलं.

०००

'शुक्रतारा मंद वारा'. आजोबांमुळे. आता लोकलमध्ये कानात लावून ऐकतो. अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा दोघंही इतकं हळू, जवळून गातात, की गर्दीतही आपण एकटे होतो.

०००

थोडं वेगळं मत मांडतो. जुनं होतं म्हणून हे टिकलं, असं मला वाटत नाही. त्याच काळातली कितीतरी गाणी आज कुणाच्या ओठावर नाहीत. जी राहिली त्यांत ऋतू अगदी नेमका असतो, चैत्र म्हणजे चैत्र, श्रावण म्हणजे श्रावण. प्रिय माणूस मात्र धूसर. त्याचं नाव, गाव, घराणं काही नाही. ती जागा आपण भरतो, आणि वयानुसार वेगळ्या माणसाने भरतो.

०००

वरचं पटलं, पण इंदिरा संतांच्या कवितेत तो माणूस धूसर नाही, तो नाहीच आहे. त्यांचे पती १९४६ मध्ये गेले. 'नको नको रे पावसा' शाळेत असताना मला पावसावर लटकं रागावणं वाटलं होतं. माझे यजमान गेल्यानंतरच्या पावसाळ्यात ती पुन्हा वाचली. पावसाला दटावणारी ती बाई शेवटी त्याच्याचकडे आपल्या माणसाला सांभाळून घरी आणण्याचं मागणं घालते. मला त्या दिवसांत सांत्वनाला पुष्कळ लोक भेटून गेले. रडू आलं ते या कवितेनं. इंदिराबाईंनी स्वतः वाचलेल्या कवितांचं ध्वनिमुद्रण कुणाकडे असेल तर कृपया कळवा, फार दिवसांपासून शोधते आहे.