शब्दचर्चा : मावशीच्या मानपत्रात ‘सेक्रेटरी’ला काय लिहू?

गोदाकाठ
मंडळी, अडलंय. मावशीचं सहस्रचंद्रदर्शन पुढच्या महिन्यात अंबाजोगाईला आहे आणि मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. अमेरिकेतल्या मावसभावानं इंग्रजीत मजकूर पाठवला. त्यात आईची ओळख तीन शब्दांत आहे: होममेकर, सेक्रेटरी, कम्युनिटी व्हॉलंटिअर. इंग्रजीत छान वाटतंय. मराठी करायला बसले आणि पहिल्याच ओळीत गाडी रुतली.

अडचण अशी की मावशी दोनदा सेक्रेटरी होती. लग्नाआधी आणि नंतर थोडे दिवस एका कॉलेजात प्राचार्यांकडे. टायपिंग, शॉर्टहँड, स्टेन्सिल कापणं, सगळं. मग नोकरी सुटली आणि पुढं 31 वर्षं महिला मंडळाची सेक्रेटरी, बिनपगारी. इंग्रजीत एकाच शब्दात दोन्ही बसतात. मी ‘सचिव’ लिहिलं तर काका म्हणाले, “ही मंत्रालयात कधी होती?” ‘चिटणीस’ लिहावं का? आणि बाकीच्या दोन शब्दांचंही सुचवा. प्रेसवाला गुरुवारी प्रूफ मागतोय.

निवृत्त_मास्तर
ताई, हे दोन वेगळे शब्द आहेत आणि मराठीत ते वेगळेच हवेत. साहेबाच्या हाताखालची ती लघुलेखक किंवा स्वीय सहायक. मंडळाची ती कार्यवाह किंवा चिटणीस. शासनाच्या पदनाम कोशात सगळं दिलेलं आहे. लोक कोश उघडत नाहीत, हे दुखणं आहे.

तिरकस
मास्तर, ‘स्वीय सहायक’ म्हटल्यावर मला आमदाराच्या गाडीतला, दोन मोबाइल कानाला लावलेला माणूस दिसतो. मावशी कशा होत्या, ते ताईंनाच माहीत.

हिंगोलीकर
आमच्याकडं खेड्यात ‘सेक्रेटरी’ म्हणलं की एकच. सोसायटीचा सेक्रेटरी, पीककर्जवाला. कागदावर तो गटसचिव असतो, पण बाप जन्मात कुणी त्याला गटसचिव म्हणलेलं ऐकलं नाही. “सेक्रेटरी आला का?” एवढंच. ताई, नुसतं ‘सेक्रेटरी’ छापलं तर आमच्या गावातले लोक मावशीला कर्जाचं नवं-जुनं करून मागतील.

निवृत्त_मास्तर
‘चिटणीस’ अस्सल आहे. चिटणवीस, म्हणजे चिठ्ठी लिहिणारा. ‘नवीस’ फारसी, लिहिणारा. फडणीस, वाकनीस, सुरनीस, सबनीस सगळी याच गोतातली. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत ‘सचिव’ हे सुरनीसाचं संस्कृत नाव होतं, हे लक्षात घ्या. म्हणजे सचिव आणि चिटणीस हे तेव्हाही दोन निराळे हुद्दे. बाळाजी आवजी चिटणीस होते, ते अष्टप्रधानांत नव्हते.

बाभूळबन
अस्सल? स्वतःच फारसी सांगता आणि स्वतःच अस्सल म्हणता. मग ‘सेक्रेटरी’नं काय घोडं मारलंय? तो इंग्रजीतून आला, हा फारसीतून आला. एकाला साडेतीनशे वर्षं झाली, दुसऱ्याला दीडशे. थांबा जरा, तोही अस्सल होईल.

निवृत्त_मास्तर
थांबायला माझी हरकत नाही. मानपत्र गुरुवारी द्यायचंय.

जुनीजात्री
यात आपल्या मुलखाचा शब्द कुणीच काढला नाही. आमचे आजोबा निजामाच्या काळात नोकरीला होते. त्यांच्या तोंडी सेक्रेटरीला ‘मोतमद’ असायचं. कलेक्टर नव्हे, ‘अव्वल तालुकदार’. हैदराबादचा कारभार उर्दूत होता. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघालं तेच उर्दू माध्यमाचं, आणि पुस्तकं उर्दूत आणायला आधीच एक भाषांतराचं खातं उघडलेलं, दारुल तर्जुमा. ‘मोतमद’चा अर्थ ज्याच्यावर भरवसा ठेवावा असा. इंग्रजीतला सेक्रेटरी गुपितावरून आला, मोतमद भरवशावरून, चिटणीस चिठ्ठीवरून. मला विचाराल तर मावशींना मोतमद शोभेल.

तिरकस
शोभेल, पण कार्यक्रमाला आलेल्या दोनशे लोकांना वाटेल की मावशींना मोतीबिंदू झालाय.

हिंगोलीकर
😂 पण जुनीजात्री, ‘पेशकार’ पण व्हता ना? आमचा आजा “पेशकाराला चार अंडी देऊन आलो” म्हणायचा.

जुनीजात्री
होता, तहसिलात. पण तो सेक्रेटरी नव्हे. अंड्यांचं मात्र खरं असणार.

पैठणी_पदर
मूळ प्रश्नात तीन शब्द होते, सगळे मधल्यावरच बसलेत. नेहमीप्रमाणे पहिला कुणाला दिसलाच नाही. ‘होममेकर’ला काय? ‘गृहिणी’ म्हणजे निव्वळ घरात असणारी. इंग्रजीवाल्यांनी मुद्दाम शब्द बदलला, कारण आधीचा शब्द बाईला घराची बायको करून ठेवत होता. आपण परत ‘गृहिणी’च लिहिणार का?

निवृत्त_मास्तर
‘गृहिणी’त कमीपणा कुठून आला? संस्कृतात तर घर म्हणजेच गृहिणी असं वचन आहे. आणि योगायोग बघा, रघुवंशाच्या आठव्या सर्गात अज राजा इंदुमतीला काय म्हणतो? “गृहिणी सचिवः सखी मिथः”. गृहिणी आणि सचिव, दोन्ही शब्द एका ओळीत, एकाच बाईसाठी! ताई, तुमचं मानपत्र कालिदासानं आधीच लिहून ठेवलंय.

बाभूळबन
मास्तर, तो अजविलाप आहे. इंदुमती मेलेली आहे. मावशी हयात आहेत, पुढच्या महिन्यात त्यांना ओवाळायचंय आणि तुम्ही विलाप छापायला सांगता?

निवृत्त_मास्तर
ओळ घ्यायची, प्रसंग घ्यायचा नाही.

पैठणी_पदर
शिवाय तिथं ‘सचिवः’ पुल्लिंगी आहे आणि अर्थ सल्लागार, सोबती असा. टायपिंगचा संबंध नाही. सचिवचं स्त्रीलिंग काय करणार, सचिवा? कार्यवाहिका? शी.

निवृत्त_मास्तर
पदनामाला लिंग नसतं. सरचिटणीस बाई असली तरी सरचिटणीसच.

पैठणी_पदर
मग अध्यक्षा, संपादिका, मुख्याध्यापिका कशा चालतात? जिथं बाया वर्षानुवर्षं दिसल्या तिथं शब्द झाला. जिथं दिसल्या नाहीत तिथं ‘पदनामाला लिंग नसतं’.

खरेदीखत
मी वकिलीत आहे, बीडला. ‘गृहिणी’बद्दल प्रत्यक्षातलं सांगतो. खरेदीखत असो, शपथपत्र असो, बाईच्या नावापुढं आम्ही काय लिहितो? “वय 52 वर्षे, धंदा घरकाम, रा. अमुक”. मागं एकदा अशा बाईची सही घ्यायची होती. नवरा वारल्यावर बारा एकर जमीन तिनं एकटीनं कसलेली, विहीर पाडलेली, दोन पोरी शिकवलेल्या. मी वाचून दाखवायला लागलो, “धंदा घरकाम”. तिनं हात वर केला आन् म्हणाली, “वकीलसाहेब, घरकाम करायला मला टाइमच कुठं भेटलाय?” मी खोडून ‘शेती’ लिहिलं. बाजूला दोघांच्या सह्या. तेव्हापासून विचारूनच लिहितो.

हिंगोलीकर
कारभारीण म्हणा की मंग! आपला शब्द हाय. घराचा कारभार बघती ती कारभारीण. होममेकरला याच्याहून नेमका शब्द दाखवा.

तिरकस
कारभारीण म्हणजे कारभाऱ्याची बायको. पुन्हा तिथंच.

हिंगोलीकर
तुमच्याकडं असंल. आमच्याकडं कारभारी पारावर बसलेला असतो, कारभार कारभारीण करती.

बाभूळबन
लग्नाच्या जाहिरातीत ‘गृहकृत्यदक्ष’ असायचं, तो शब्द कुठं गेला? मानपत्राच्या भाषेला अगदी फिट. उच्चारताना जीभ दोनदा अडखळते, म्हणजे मान मोठाच.

गोदाकाठ
अहो, हसून पोट दुखलं पण गुरुवार जवळ आलाय. ‘कारभारीण’ मला आवडलं, मावसभावाला पाठवते. तिसरा शब्द बघा ना कुणीतरी. ‘समाजसेविका’ लिहिलं होतं, मावशीनं स्वतः कापलं. म्हणाली, “ते बॅनरवरच्या लोकांचं.”

पैठणी_पदर
‘स्वयंसेविका’?

खरेदीखत
त्याला आता दोन रंग आहेत. एकीकडं स्वयंसेवक म्हटलं की लोक संघाचं धरतात. दुसरीकडं सरकारनं ‘आशा स्वयंसेविका’ करून ठेवलंय, म्हणजे मोबदल्यासाठी मोर्चा काढणारी बाई. तिला स्वयंसेविका म्हणायचं म्हणजे पगार द्यायचा नाही, याची शब्दातच सोय.

जुनीजात्री
नांदेडला गुरुद्वाऱ्यात ‘सेवा’ म्हणतात. “आज लंगरला सेवेला जायचंय.” करणाऱ्याला नाव नाही, कामाला आहे. वारीतही तसंच, पंगतीला वाढणाऱ्याला कुणी पद विचारत नाही.

निवृत्त_मास्तर
‘मदतनीस’ घ्या. पुन्हा तोच नीस, पण गंमत अशी की मदतनीस काहीच लिहीत नाही. ‘नवीस’चा अर्थ लोक विसरले आणि ‘नीस’ म्हणजे माणूस असं समजून पुढं शब्द पाडला. अंगणवाडी मदतनीस याच टांकसाळीतली.

बाभूळबन
म्हणजे चुकीच्या समजुतीतून झालेला शब्द तुम्हाला चालतो, आणि ‘सेक्रेटरी’ चालत नाही. छान.

तिरकस
तिसऱ्याला मराठीत फार जुना वाक्प्रचार आहे. लष्कराच्या भाकरी भाजणे. घरचं सोडून लोकांची कामं करणाऱ्याला आपण देतो तो हाच मान. भाषेनं व्हॉलंटिअर या प्रकाराबद्दल मत दिलेलं आहे.

गोदाकाठ
तिरकस, तुम्ही हे लिहिलंत म्हणून सांगते. मावशीच्या सासऱ्यांचं हे पेटंट वाक्य होतं. मंडळाची मीटिंग असली की ओट्यावरून, “निघाल्या लष्कराच्या भाकरी भाजायला.” बाळंतिणींना डिंकाचे लाडू, दप्तरं वाटणं, 72 च्या दुष्काळात खडीच्या कामावरच्या बायांची लेकरं सांभाळणं, प्रत्येक वेळी हेच वाक्य.

किल्लारीचा भूकंप झाला ती 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन. अंबाजोगाईला हादऱ्यानं सगळे रस्त्यावर आलेले. उजाडता उजाडता बातम्या यायला लागल्या आणि मावशीनं गल्लीत सात चुली मांडल्या. ज्वारीच्या भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. दुसऱ्या दिवशी ट्रकसोबत ती स्वतः गेली. गावात लष्कराचे जवान ढिगारे उपसत होते. गावातली माणसं काही खायच्या अवस्थेत नव्हती. भाकरी जास्त खाल्ल्या त्या जवानांनीच, हात न धुता, उभ्याउभ्या. आठवड्यानं घरी आल्यावर सासऱ्यांना म्हणाली, “मामंजी, या वेळी खरंच लष्कराच्याच भाजल्या.” ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही, असं आई सांगते.

मंडळाचं प्रोसिडिंग बुक माझ्याकडं आहे (मास्तर, ‘इतिवृत्त’ म्हणू नका, मंडळात सगळ्या प्रोसिडिंगच म्हणायच्या). त्यात त्या आठवड्याची नोंद तिच्या अक्षरात एवढीच: “भाकरी दोन पोती, ठेचा एक डबा, लुगडी 40. परत आलेली पोती रिकामी, जमा.” खाली सूचक, अनुमोदक, “सर्वानुमते मंजूर” आणि सही. सहीखाली शिक्का नाही, ‘सेक्रेटरी’ असं हातानं लिहिलेलं.

पैठणी_पदर
पोतीसुद्धा जमा.

खरेदीखत
त्या रात्री आम्ही बीडला अंगणात झोपलो होतो. असो. ताई, सहीखाली तिनं स्वतः ‘सेक्रेटरी’ लिहिलंय तर आपण कोण बदलणार? कागदोपत्री पुरावा आहे.

निवृत्त_मास्तर
एकाची सवय हा भाषेचा नियम होत नाही. त्या काळी सर्रास लिहायचे म्हणून आपण मानपत्रासारख्या कायमच्या कागदावर तेच लिहायचं? लॅमिनेशन करून भिंतीवर लागणार ते.

हिंगोलीकर
मास्तर, भिंतीवर लागल्यावर वाचतंय कोण? हार घालायच्या येळी खिळा दिसतो का बघतेत.

चांद्रमास
विषयाला सोडून, पण महत्त्वाचं. मावशींचं वय किती? हजार पौर्णिमा गुणिले 29.53 दिवस म्हणजे 29,530 दिवस. म्हणजे 80 वर्षं आणि सुमारे 10 महिने. पुष्कळ लोक 80 पूर्ण झाले की उरकून घेतात, तेव्हा हजार होत नाहीत.

जुनीजात्री
पौर्णिमा का मोजता? ‘चंद्रदर्शन’ म्हणजे शुद्ध द्वितीयेची कोर. पंचांगात बघा, ‘चंद्रदर्शन’ तिथंच लिहिलेलं असतं.

चांद्रमास
कोर मोजा नाहीतर पौर्णिमा, महिन्याला एकच. संख्या तीच येणार.

जुनीजात्री
पावसाळ्यातल्या कुठं दिसतात?

गोदाकाठ
जन्मतारखेचा घोळ आहेच. शाळेच्या दाखल्यावर 1 जून, जशी त्या काळच्या निम्म्या महाराष्ट्राची आहे. आजोबांच्या वहीत सन 1354 फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातलं सरकारी साल. त्यात 590 मिळवले तर 1944 येतं. महिना आहे, पण तो ‘आजूर’ आहे की ‘आबान’ ते शाईच्या डागात गेलंय.

चांद्रमास
मग ठरवा आधी! आजूर असेल तर फसली वर्षाचा पहिला महिना, ऑक्टोबर 1944 धरा. आबान असेल तर त्याच वर्षाचा शेवटचा महिना, म्हणजे सप्टेंबर 1945. जवळजवळ वर्षाचा फरक पडतो. मुहूर्तच चुकेल.

बाभूळबन
ताई, शब्द ठरला का?

गोदाकाठ
काल रात्री मावशीला कच्चा मजकूर वाचायला दिला. चष्मा लावला, लाल पेन मागितलं. पहिल्या ओळीत मी ‘गृहीणी’ लिहिलं होतं, दीर्घ ही ऱ्हस्व केली. ‘चिटणीस’वर गोल केला. म्हणाली, “हे नको. पलीकडच्या गल्लीतल्या चिटणीसांना वाटंल मी त्यांच्या घरातली.” कॉलेजच्या नोकरीची ओळ वाचून थांबली. “तिथं मला कुणी सेक्रेटरी म्हणत नव्हतं. टायपिस्टबाई म्हणायचे. सेक्रेटरी मंडळातच.” म्हणजे मावसभावानं कोणती सेक्रेटरी लिहिली होती, तेच आता विचारायला पाहिजे. तिकडं रात्र आहे.

तिसऱ्या शब्दाच्या जागी प्रेसवाल्यानं सध्या टिंबं ठेवलीत.

निवृत्त_मास्तर
‘टंकलेखिका’ लिहा. ‘टायपिस्टबाई’ मानपत्रात शोभत नाही.

हिंगोलीकर
आलं का परत.

चांद्रमास
वहीच्या त्या पानाचा फोटो टाका ताई. डाग असला तरी शेवटचं अक्षर ‘र’ आहे की ‘न’, एवढं कळलं तरी पुरे.