मदत हवी आहे : सायलेन्सर आणि राज्यबदल

आम्ही टेक्ससमध्ये राहतो. नवऱ्याच्या कानात सतत शिट्टी वाजते, म्हणून त्याने नेमबाजीच्या रेंजवरच्या रायफलसाठी सायलेन्सर (गोळीचा आवाज कमी करणारी नळी) रीतसर नोंदवून घेतला. (सिनेमात दाखवतात तसा आवाज गायब होत नाही, साधारण 20-30 डेसिबल कमी होतो.) आता नोकरीसाठी इलिनॉयला जायचंय आणि तिथे तो बाळगणंच गुन्हा! सायलेन्सरवरचा, 1934 च्या केंद्रीय शस्त्र कायद्यातला 200 डॉलर कर जानेवारी 2026 पासून शून्य झाला, पण नोंदणी आणि बोटांचे ठसे कायम आहेत. नोंदणी हवीच, असं माझं ठाम मत. पण राज्याराज्यांत एवढा फरक का? यातून कुणी गेलंय का? डीलरला विकावा की इथल्या दिरांच्या नावावर करावा? नाव बदलायची सरकारी मंजुरी येईपर्यंत ठेवायचा कुठे? सहाच आठवडे उरलेत, फार काळजी वाटतेय.