पर्यावरणाचा अभ्यास याद्यांवर चाललाय, आणि त्यात मुलांचं नुकसान होतंय असं मला वाटतं

गोदाकाठ

नाशिकच्या एका अभ्यासिकेत मी सहा वर्षांपासून राज्यसेवा आणि यूपीएससीच्या मुलांना पर्यावरण शिकवते. मागच्या आठवड्यात एका मुलीने महाराष्ट्रातली रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, न अडखळता सांगितली. नांदूर मधमेश्वर, लोणार, ठाणे खाडी. वर्षंही बरोबर. मी विचारलं, नांदूर मधमेश्वरला पाणथळ तयार कशी झाली? तिला सांगता आलं नाही, आणि मुलगी निफाड तालुक्यातलीच. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, पाणी थबकलं, गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणवनस्पती आल्या, मग पक्षी आले. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ माणसाच्या बांधकामातून उभं राहिलंय. एवढं कळलं की "पाणथळ म्हणजे फक्त नैसर्गिक तळी" असं विधान पर्यायात आलं तर ते चूक आहे हे कुठलीही यादी न आठवता समजतं.

माझा मुद्दा एवढाच की यादी आधी आणि समज नंतर, हा क्रम उलटा आहे. गुणांसाठीसुद्धा उलटा आहे. यूपीएससीच्या २०१२ च्या पूर्वपरीक्षेत गिधाडं का दिसेनाशी झाली असा प्रश्न होता, उत्तर गुरांना दिलं जाणारं औषध. ज्याने "डायक्लोफिनॅक, बंदी २००६" एवढंच पाठ केलं त्याचे ते दोन गुण आले. पण औषध दिलेलं जनावर मेलं, ते गिधाडाने खाल्लं, त्याची मूत्रपिंडं निकामी झाली, ही साखळी ज्याला समजली, त्याला २०२३ मध्ये जनावरांसाठी अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन का बंद केलं हे वेगळं पाठ करावं लागत नाही. अ‍ॅसिक्लोफिनॅकचं तर जनावराच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होतं.

तुम्हाला काय वाटतं ते सांगा. विरोधातलं मत असेल तर जास्त सविस्तर लिहा.

तिसरा अटेम्प्ट

मॅडम, मी विरोधात आहे, म्हणून सविस्तरच लिहितो.

सकाळी सात ते दुपारी तीन मी नोकरी करतो. संध्याकाळी अभ्यासिकेत चार तास मिळतात. त्यात राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, इतिहास, चालू घडामोडी, सीसॅट म्हणजे कल चाचणीचा पेपर, आणि शेवटी पर्यावरण. यूपीएससीच्या अभ्यासक्रमात स्पष्ट लिहिलंय की पर्यावरण, जैवविविधता आणि हवामान बदल यांचे सर्वसाधारण प्रश्न येतील, विषयातलं विशेष ज्ञान लागणार नाही. मग मी गाळ कसा साचतो यात एक संध्याकाळ घालवू, की त्याच वेळात चाळीस संरक्षित क्षेत्रं नकाशावर बसवू?

आता उदाहरण. २०२० ला विचारलं होतं, कस्तुरीमृग नैसर्गिक अधिवासात कुठे सापडण्याची शक्यता जास्त? अस्कोट, गंगोत्री, किशनपूर, मानस. उत्तर पहिली दोन. तुम्ही म्हणाल, कस्तुरीमृग उंच हिमालयातला, म्हणून समजेवर सुटतो. बरोबर. पण किशनपूर उत्तर प्रदेशच्या तराईत आहे आणि मानस आसामच्या पायथ्याला, हे मला कुणी सांगितलं? यादीने. यादी नसती तर माझी समज हातात धरून मी बसलो असतो. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण जातात. कटऑफ एका प्रश्नावर हुकलेला मी माणूस आहे, त्यामुळे हे मनापासून लिहितोय.

गोदाकाठ

दादा, किशनपूरचा मुद्दा मान्य. जागा माहीत नसेल तर समज लटकते. पण तुमच्याच उदाहरणात अर्धं काम "कस्तुरीमृग उंचावर राहतो" या समजेने केलंय. नुसती नावं पाठ असलेला मुलगाही चार पर्यायांपुढे तसाच बसला असता.

आणि २०२३ पासून पेपरची पद्धत बदललीय हे तुम्हीही अनुभवलं असेल. "वरीलपैकी किती विधानं बरोबर" असं विचारतात. एक विधान नक्की माहीत असलं की दोन पर्याय उडवायचे, ही सोय त्या प्रश्नांत उरली नाही. प्रत्येक विधान स्वतंत्रपणे तोलावं लागतं. अर्धवट आठवणारी यादी तिथे जास्त घात करते.

परिमंडळ

मी वनपाल आहे, गडचिरोलीत. खात्यात राहूनच राज्यसेवेचा अभ्यास चालू आहे. यूपीएससीचा २०१९ चा बांबूचा प्रश्न कुणी काढला नाही म्हणून लिहितो.

तीन विधानं होती. एक, भारतीय वन अधिनियम १९२७ मधल्या अलीकडच्या दुरुस्तीने वनात राहणाऱ्यांना वनक्षेत्रातला बांबू तोडायचा हक्क मिळाला. दोन, २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार बांबू हे गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारं उत्पादन. तीन, त्या कायद्याने गौण वनोपजावर वनात राहणाऱ्यांची मालकी मान्य केली. दुसरं आणि तिसरं बरोबर, पहिलं चूक. तेव्हा आमच्या गटातल्या बऱ्याच जणांनी तिन्ही बरोबर धरली, कारण नोट्समध्ये एक ओळ होती: "२०१७, बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला." ओळ खरी आहे. पण ती दुरुस्ती वनाबाहेरच्या जमिनीवरच्या बांबूसाठी होती. शेतकऱ्याने बांधावर लावलेला बांबू तोडायला आणि न्यायला परवाना लागू नये हा तिचा हेतू.

वनातल्या बांबूची गोष्ट आमच्या जिल्ह्यात वेगळ्याच वाटेने घडली. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे १८०० हेक्टरवर. हक्काचा कागद हातात आला तरी बांबूचा वाहतूक परवाना कुणी द्यायचा यावर अडलं होतं. वनहक्क कायदा म्हणतो बांबू गौण वनोपज, १९२७ चा कायदा म्हणतो बांबू झाड. शेवटी २०११ मध्ये केंद्रीय मंत्री गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. म्हणजे वनातल्या बांबूचा हक्क २००६ च्या कायद्यातून आला, २०१७ ची दुरुस्ती त्यानंतरची आणि दुसऱ्याच बांबूची. हे ज्याला माहीत होतं त्याने पहिलं विधान वाचताक्षणी खोडलं असणार.

तिसरा अटेम्प्ट

परिमंडळ सर, माहिती उत्तम आहे, जपून ठेवतो. पण निष्कर्ष मी वेगळा काढतो. मी तो प्रश्न बरोबर सोडवला होता, आणि तेव्हा मला मेंढा (लेखा) चं नावही माहीत नव्हतं. दुरुस्तीच्या बातमीत "वनेतर क्षेत्र" हा शब्द होता, तो मी अधोरेखित केला होता. एक शब्द. यादी वाईट नसते, आळशीपणे केलेली यादी वाईट असते. नोट्स काढणाऱ्याने तो शब्द गाळला, त्याचा दोष पाठांतरावर का टाकायचा?

शेतावर, जंगलात जाऊन शिका हे सांगणं त्यांना जमतं ज्यांच्याकडे वेळ आणि एसटीचं भाडं आहे.

माळरान

मी इथे सहसा लिहीत नाही. शेवटच्या वाक्यावरून लिहावंसं वाटलं.

मी धनगर घरातली. सोलापूरकडे आमचे मेंढरांचे वाडे असतात. मला माळावर जाऊन शिकायची गरज नव्हती, मी तिथेच वाढले. लांडगा, खोकड, काळवीट, कुठलं गवत कोणत्या नक्षत्रात वर येतं, सगळं माहीत. आणि तरी पहिल्या प्रयत्नात पर्यावरणात मला सगळ्यात कमी गुण होते. यूपीएससीची पूर्वपरीक्षा इंग्रजी आणि हिंदीतच असते. विषारी द्रव्य अन्नसाखळीत वर वर साठत जातं, त्याला मी मराठीत "जैवविशालन" शिकले, पेपरात हिंदीत "जैव आवर्धन" आलं. आम्ही ज्याला कुसळी म्हणतो त्याचं शास्त्रीय नाव मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून दादांचं अर्धं पटतं. नुसत्या जमिनीवरच्या ज्ञानाला परीक्षेत कुणी विचारत नाही. मला याद्या कराव्या लागल्या आणि त्याचा मला फायदाच झाला.

पण मॅडमचं दुसरं अर्ध मला फार खोलवर पटतं. आमच्या गावच्या माळावर काही वर्षांपूर्वी ग्लिरिसिडिया हे बाहेरून आलेलं झाड लावलं. लावणारे साहेब शिकलेले होते, मनानेही चांगले. त्यांना तो माळ उजाड दिसला. कागदावर त्याचं नाव "पडीक" आहे. तिथे आता गवत विरळ झालंय, मेंढरं चरत नाहीत आणि काळवीटही फिरकत नाही. ते साहेब परीक्षेत गवताळ परिसंस्थेवरचा प्रश्न बरोबर सोडवूनच आले असतील ना?

गोदाकाठ

ताई, तुमच्या "पडीक" शब्दावर मला थांबायचंय, कारण हे थेट परीक्षेतलं आहे आणि वर्गात दोन मिनिटांत उरकलं जातं.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात वनाच्छादन म्हणजे एक हेक्टर किंवा जास्त जमीन, जिच्यावर झाडांच्या छत्राची घनता किमान १० टक्के आहे. मालकी कुणाची, झाड कुठलं, हे पाहत नाहीत. म्हणजे कोकणातली आंब्या-काजूची दाट बाग वनाच्छादनात धरली जाते आणि तुमचा हजारो वर्षांचा माळ बसत नाही. मुलं पाठ करतात: ७० च्या वर अतिघन, ४० ते ७० मध्यम, १० ते ४० विरळ. आकडे बरोबर. पण या व्याख्येत माळ अदृश्य होतो, हे सांगितल्याशिवाय ते आकडे अपुरे आहेत. झाडं लावली की आकडा वाढतो, माळ राखला तर वाढत नाही. साहेबांनी ग्लिरिसिडिया का लावला याचं एक कारण मला इथे दिसतं.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय. "वनाच्छादन वाढूनही जैवविविधता का घटते" असा प्रश्न आला तर टक्केवारी लिहून दोन ओळींत उत्तर संपेल. माळरानताईंच्या परिच्छेदातून पूर्ण उत्तर उभं राहतं.

तिसरा अटेम्प्ट

मुख्य परीक्षेबद्दल मी वाद घालणार नाही, तिथे तुमचं बरोबर आहे. पूर्वपरीक्षेबद्दल माझं मत तेच आहे. आधी पूर्व पार झाली पाहिजे, त्याशिवाय मुख्यचा पेपर हातात येत नाही.

माळरानताई, एक विचारायचंय, आणि हे गुणांसाठी नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ चं, सुरुवातीला ८,४९६ चौरस किलोमीटर, नंतर कमी करून १,२२२, हे माझ्या यादीत आहे. मेंढरं चरतात त्या माळावर माळढोक राहू शकतो का? की तुमच्या कळपांमुळेच गेला? राग मानू नका.

माळरान

राग नाही. प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर आमच्या बाजूचं पूर्ण नाही.

माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो, बहुतेक वेळा एकच. आमच्याकडे तो काळ पावसाळ्याचा. आणि पावसाळ्यातच कळप घरच्या माळावर असतात, बाहेरची चराई दिवाळीनंतर. म्हणजे नेमक्या त्याच महिन्यांत मेंढरं, कुत्री आणि पक्षी एका जागी. माझे आजोबा सांगायचे, माळढोक बसलेला दिसला की तो पट्टा सोडून जायचं. पण सगळे असं करत नव्हते, हेही तेच सांगायचे.

तेव्हा पावसाळ्यातले तीन-चार महिने काही पट्टे बंद ठेवले तर मला ते मान्य आहे, घरच्यांनाही समजावता येईल. वर्षभर कुंपण घालणं मान्य नाही. चराई पूर्ण थांबली की गवत दाटतं, झुडपं शिरतात, आणि माळढोकाला तर लांबवर नजर जाईल अशी मोकळी जागा लागते. त्याची समोरची नजर कमजोर असते, वजन फार, म्हणून विजेच्या तारा त्याला वेळेत दिसत नाहीत आणि वळताही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखाली न्यायला सांगितलं आणि २०२४ मध्ये तो आदेश शिथिल करून समिती नेमली, तो सगळा विषय याच पक्ष्याच्या डोळ्यांपासून सुरू होतो.

तुमच्या यादीत अभयारण्याच्या क्षेत्रापुढे "पावसाळा, एक अंडं" एवढं लिहून ठेवा. आणि कळप गेला म्हणून पक्षी गेला की ऊस आला म्हणून गेला, हे पाहायचं असेल तर या. आमच्या वाड्यावर उतरायची सोय आहे, भाड्याचं आपण बघू.