मुलीचा रेनकोट काखेत उसवला, चेनही उघडते: घरी दुरुस्त होईल का?

प्रश्न (पागोळी)
शाळेचा रेनकोट मापाला अजून दोन पावसाळे चालेल, पण उजव्या काखेत शिवण उसवून कापडही बोटभर फाटलंय. चेन लावली की रनरच्या मागे उघडत येते. आतल्या शिवणींवरची चिकटपट्टीही सुटतेय. घरी शिलाई मशीन आहे. काय काय करता येईल?

प्रतिसाद (सुईदोरा)
आधी कापड ओळखा. बाहेरून विणीचे धागे आणि आतून गुळगुळीत थर दिसला, तर ते लेप दिलेलं नायलॉन किंवा पॉलिएस्टर. रबरासारखं, वीण नसलेलं असेल तर पीव्हीसी. तुमच्या रेनकोटात आत पट्टी आहे, म्हणजे बहुधा पहिला प्रकार.

काख तिथल्या तिथे जोडू नका. दप्तरावरून रेनकोट घालून हात वर केला की सगळा ताण तिथेच येतो, पुन्हा उसवेल. चौबगला, म्हणजे काखेत सैलपणासाठी चौकोनी तुकडा, घाला. बाजूची आणि बाहीची शिवण काखेपासून ७-७ सेंमी उसवा. जुन्या छत्रीच्या कापडाचा ९ सेंमीचा चौकोन कापा (त्यात चारही बाजूंना १ सेंमी दाब, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड). तो उसवलेल्या कडांना शिवताना प्रत्येक कोपऱ्यापासून १ सेंमी आधी थांबा, सुई कापडात रुतलेली ठेवून कापड वळवा. फाटलेला भाग दाबात जात नसेल तर चौकोन त्या मानाने मोठा घ्या.

सुई ११ नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा ओलीत कुजतो. टाका ३ मिमीचा. बारीक टाक्याने भोकं जवळजवळ पडतात आणि कापड त्याच रेषेत फाटतं. टाचण्या नकोत, प्रत्येक भोकातून पाणी येतं. कपड्यांचे चिमटे लावा.

नव्या शिवणीवर आतून पीयू (पॉलियुरेथेन) सीम सीलरचे, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणाऱ्या द्रवाचे, दोन पातळ हात द्या. रात्रभर वाळू द्या, मग टाल्कम पावडर लावा, नाहीतर घडीत चिकटेल. सिलिकॉन सीलंट पीयू लेपावर धरत नाही, सालीसारखा निघतो.

प्रतिसाद (टिचबटण)
दाते शाबूत असतील तर दोष रनरचा. तो झिजून सैल होतो आणि दाते नीट दाबत नाही. रनर खाली आणा, पक्कडीने मागच्या टोकाच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबा, एकदा डावी, एकदा उजवी. जोर लावलात तर रनर मोडतो. तरी उघडली तर रनर बदला: पाठीवर ३, ५ किंवा ८ असा आकडा असतो, तोच घ्या. प्लास्टिकच्या सुट्या दात्यांच्या चेनला कॉइलचा (दात्यांऐवजी वेटोळ्याच्या तारेच्या चेनचा) रनर चालत नाही, म्हणून जुना दुकानात घेऊन जा. वरचा अडसर काढून नवा रनर वरून घालायचा, मग तिथे दोऱ्याचे पाच-सहा घट्ट टाके. पूर्ण चेन बदलायची गरज क्वचितच पडते.

पागोळी
धन्यवाद! सुटलेली पट्टी इस्त्रीने परत बसेल?

सुईदोरा
गोंद शिल्लक असेल तर बसते. सर्वांत कमी आच, मध्ये सुती कापड, एका जागी ५-६ सेकंद, मग गार होईपर्यंत हाताने दाबून धरा. आधी आतल्या एका कोपऱ्यात करून पाहा. पण पट्टीखालचा लेपच पापुद्र्यासारखा सुटत असेल तर काहीच टिकणार नाही. मग चौबगल्यावरही मेहनत नको.

प्रतिसाद (ठिगळ)
कुणाचा पीव्हीसीचा असेल तर सुई लावूच नका. जुन्या रेनकोटाच्या टोपीचं ठिगळ, कोपरे गोल, फाटीपेक्षा चहूकडून २ सेंमी मोठं. दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटने पुसा. पोहण्याच्या ट्यूबला लावतात तो व्हिनाइलचा गोंद लावून वजनाखाली रात्रभर ठेवा. सायकल पंक्चरचं सोल्युशन पीव्हीसीवर टिकत नाही. झटपट गोंद कडक होऊन पहिल्याच घडीला तडकतो.