नाशिकच्या पाहुण्यांना गोव्यात वायनरी दाखवता येईल का?

प्रश्न – म्हापशाहून
माझे व्याही नाशिकचे असून ते डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे येणार आहेत. गंगापूर धरणाजवळचे द्राक्षमळे त्यांना अंगणासारखे परिचित आहेत, त्यामुळे गोव्यातील वायनरी आणि एखादी जुनी बागायत पाहण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली आहे. दोन दिवसांत काय पाहता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – वाळपईहून
आपल्या पावसात द्राक्ष टिकत नाही, त्यामुळे नाशिककरांना दाखवण्याजोगा द्राक्षमळा गोव्यात शोधण्यात अर्थ नाही. वायनरीच्या तोडीचे आपल्याकडे जे आहे, ते म्हणजे काजूची भाटी, म्हणजे फेणी हे मद्य गाळण्याची जागा. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेल्या या झाडाच्या बोंडांपासून होणाऱ्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अडचण एवढीच, की डिसेंबरात भाटी थंड असते. बोंडे मार्च ते मे या काळातच पिकतात. ती कोळमीत, म्हणजे तुडवण्याच्या हौदात तुडवून काढलेला रस काही दिवस आंबवतात आणि मग भाणात, म्हणजे गाळपाच्या भांड्यात उकळतात. पहिल्या उकळणीत हुर्राक मिळतो, तो आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा उकळला की फेणी तयार होते. चोथ्यावर वजन ठेवून ठिबकणारा ताजा रस, म्हणजे निरो, सकाळीच प्यावा, दुपारपर्यंत त्याची चव बिघडू लागते. आपल्या व्याह्यांना शक्य असेल, तर त्यांनी एप्रिलातच यावे, असे मला मनापासून वाटते. मात्र भाटी हे काही चव घेण्याचे दालन नव्हे. तिथे माणसे विस्तवापाशी राबत असतात, म्हणून मालकाला आधी विचारावे, आणि बोंडाच्या रसाचे डाग निघत नसल्याने पांढरे कपडे टाळावेत.

उत्तर – फोंड्याहून
वाळपईकरांचे म्हणणे योग्य आहे, पण डिसेंबर अगदीच वाया जात नाही. माडाची फेणी सुरेपासून, म्हणजे माडाच्या पोयीतून काढलेल्या रसापासून होते आणि सूर काढणे काजूसारखे एका हंगामाला बांधलेले नाही. दक्षिण गोव्यात रेंदेर, म्हणजे सूर काढणारे, अजूनही माडावर चढताना दिसतात. जुन्या बागायतीसाठी मात्र सावई-वेरे किंवा केरीचे कुळागर पाहावे. माड, पोफळी, केळी, पोफळीवर चढलेले मिरवेल आणि सावलीतले जायफळ, असे एकाच जमिनीवर थरावर थर, आणि झऱ्याचे पाणी पाटांनी उताराउताराने फिरवलेले. द्राक्षाच्या सरळ ओळी पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे पाहताना बरेच प्रश्न पडतील. सावई-वेऱ्याला गेलात, तर अनंताचे देऊळही होईल.
दुसऱ्या दिवशी जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जावे आणि तिथली खाजन शेती, म्हणजे खाऱ्या पाण्यालगत बांध घालून केलेली भातशेती पाहावी. बांधातल्या मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीची दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात, त्यामुळे खारे पाणी भातात शिरत नाही. माझ्या मते पाहुण्यांना सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा, आणि भरती-ओहोटीची वेळ पाहूनच निघावे, नाहीतर नुसते लाकडी दार पाहून परतावे लागेल.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर
दोघांचेही आभार. व्याह्यांशी फोनवर बोलणे झाले. डिसेंबरात कुळागर आणि दिवाडी पाहू, आणि भाटीसाठी ते एप्रिलात पुन्हा येतील. विहीणबाईंनी मात्र निरोपुरतेच येणार, असे आताच बजावले आहे.