मदत हवी आहे: कुत्र्याचा ताप उलटला, नाकातून रक्त, लघवी गडद. गोचिडाचा जुनाच आजार की दुसरा?

नमस्कार मंडळी. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातला शेतकरी. आमचा भुऱ्या गावठी आहे, वय साडेचार वर्षं. वजन १९ किलो होतं, आता १६. रात्री जागलीला वावरात तोच माझ्या सोबत असतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण यात माझ्या सांगण्यातच आधी गडबड झाली आहे.

पोळ्याच्या आठवड्यात तो डाव्या पुढच्या पायानं लंगडायला लागला. आदल्या रात्री पराटीत रानडुकरं घुसली होती आणि हा त्यांच्यामागे धुऱ्यापर्यंत धावला होता. बाबा म्हणाले, “डुकरानं धडक देली असन.” मलाही तेच पटलं. गावातच एकाकडून दुखण्याचं इंजेक्शन टोचून घेतलं, दोन दिवस बरा वाटला. आठ दिवसांनी पाहतो तर डावा पाय ठीक आणि उजव्या मागच्या पायानं लंगडतोय. मार लागलेलं दुखणं असं पाय बदलत फिरत नाही, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं.

मग त्यानं भाकर टाकली. एका सकाळी नुकत्याच सारवलेल्या ओसरीवर लाल थेंब दिसले. मला वाटलं कोणी खर्रा खाऊन थुंकलं. थेंबाथेंबानं माग काढत गेलो तर बाजेखाली भुऱ्या, एका नाकपुडीतून रक्त. ओठ वर करून पाहिलं, हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या.

त्याच दिवशी बंडीत घालून रस्त्यावर आणला आणि तिथून गाडीनं तालुक्याच्या डॉक्टर मॅडमकडे. त्यांनी तपासायच्या आधी दहा मिनिटं फक्त प्रश्न विचारले. फवारणीचे डबे कुठे ठेवता? सोयाबीनच्या कोठीत उंदराचं औषध टाकलंय का? टाकलं होतं. त्या औषधानं रक्त गोठत नाही, म्हणून आधी तोच संशय. पण रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट फक्त ३८ हजार निघाल्या, कुत्र्यात त्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. हिमोग्लोबिन ७.१, जे १२ च्या पुढे हवं. प्लीहा सुजलेली. मॅडम म्हणाल्या, उंदराच्या औषधात प्लेटलेट सहसा इतक्या पडत नाहीत. रॅपिड किटवर एर्लिकिया पॉझिटिव्ह आलं. गोचिडामुळे होणारा आजार, त्यात सांधेही दुखतात, म्हणून लंगडणं पाय बदलत होतं. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस लिहून दिलं.

इथे माझ्या दोन चुका झाल्या. गोळी तो थुंकायचा, म्हणून मी कुस्करून दुधात देत होतो. नंतर कळलं की दुधातल्या कॅल्शियममुळे हे औषध अंगी कमी लागतं. आणि बाराव्या दिवशी तो पुन्हा डुकरांवर भुंकायला लागला, तेव्हा बरा झाला समजून मी गोळ्या थांबवल्या. वेचणी सुरू झाली होती, पण ते काही कारण नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री परत ताप, १०४.४. कुत्र्याचा १०२.५ पर्यंत चालतो. नाकातून परत रक्त. पण या वेळी लघवी कोऱ्या चहासारखी, आणि हे पहिल्या वेळी नव्हतं.

मॅडमचा संशय आता बॅबेसिया गिब्सोनायवर आहे. हा गोचिडातूनच येणारा बारीक परजीवी, तो रक्ताच्या तांबड्या पेशींत राहतो, आणि एकाच कुत्र्यात दोन्ही आजार असणं नवल नाही. त्यांनी कानाच्या टोकाला सुई टोचून थेंबाची स्लाइड पाहिली, काही दिसलं नाही. पण स्लाइडवर न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, असं त्या म्हणाल्या. एर्लिकियाची किटवरची तपासणी आता पुन्हा करूनही उपयोग नाही, कारण ते अँटिबॉडी दाखवतं आणि त्या बरं झाल्यावरही कित्येक महिने राहतात. म्हणून पीसीआर, म्हणजे रक्तात जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी.

त्यांनी मला विचारलं होतं, हा दुसऱ्या कुत्र्यांशी भांडतो का? मी नाही म्हणालो. रात्री त्याला कुरवाळताना बोट डाव्या कानाच्या फाटलेल्या कडेवर गेलं आणि आठवलं, श्रावणात नाल्याजवळ दोन कुत्र्यांनी त्याला धरला होता. मी स्वतः हळद भरली होती! सकाळीच फोन केला. गिब्सोनाय गोचिडाशिवाय चाव्यातूनही पसरतो, म्हणून त्या विचारत होत्या. तेव्हापासून वहीत सगळं लिहून ठेवतोय: ताप, लघवीचा रंग, काय खाल्लं.

गोचिडांचंही माझं चुकत होतं. मी बैलांना फवारत होतो, भुऱ्याचे गोचीड तिथूनच येतात असं धरून. कुत्र्याचा गोचीड वेगळा, तो भिंतीच्या भेगांत राहतो. बाजेमागची मातीची भिंत खरवडली तर पोपड्याखाली मुगाच्या दाण्याएवढे बसलेले.

आज डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या परत सुरू करण्याआधी मॅडमनी जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त काढून घेतलंय. गोळी आता भाकरीच्या घासात देतो, वर पाणी पाजतो. नमुना फ्रिजमध्ये आहे. सोमवारी पहाटेच्या एसटीनं तो नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचा विचार आहे. भुऱ्याला प्रवास झेपणार नाही.

कोणाच्या कुत्र्याला गिब्सोनाय झाला होता का? ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन १० दिवस द्यावं लागेल असं मॅडम म्हणाल्या, पण पहिलं औषध आमच्याकडे कुठेच नाही. नागपुरात किंवा अकोल्यात ते कुठे मिळतं, आणि १६ किलोच्या कुत्र्याला साधारण किती खर्च आला? नमुना बर्फाच्या थर्मासमध्ये नेताना नळी गोठू नये म्हणून काय करता? आणि हिमोग्लोबिन अजून उतरलं तर रक्त चढवायची सोय विदर्भात कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का? आमच्या गल्लीतला एक तगडा कुत्रा आहे, त्याचा मालक रक्त द्यायला तयार आहे, पण त्या कुत्र्याचीही आधी गोचिडाच्या आजारांची तपासणी करावी लागेल ना?

आत्ता रात्रीचे दहा. ताप १०३.६, कलेजीचे तीन तुकडे खाल्ले, लघवी अजून गडदच. सोमवारच्या आधी उत्तर मिळालं तर फार मदत होईल.