ओशोग्बोच्या राईत कॅमेरा कुठपर्यंत न्यावा?

घडीव
नायजेरियातल्या योरुबा समाजाच्या कलाकारांवरचे माहितीपट सध्या मिळतील तसे पाहतोय. त्यांत ओशोग्बो फिरून फिरून येतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: या गावाला लागून ओशुन नदीच्या काठी सुमारे ७५ हेक्टरची राई आहे. ओशुन ही त्या नदीचीच देवी. ऑस्ट्रियाची चित्रकार सुझान वेंगर १९५० मध्ये नवऱ्याबरोबर नायजेरियात आली, क्षयाच्या दुखण्यातून उठली, ओरिशांची (म्हणजे योरुबा देवतांची) दीक्षा घेतली आणि तिथलीच होऊन राहिली. राईतली देवस्थानं तेव्हा वाळवीने खाल्ली होती, झाडांवर कुऱ्हाड चालू होती. तिने गावातले गवंडी, सुतार हाताशी धरले आणि देवस्थानं पुन्हा उभी केली. २००५ मध्ये राई जागतिक वारसा यादीत गेली. वेंगर २००९ मध्ये वारली. तिच्या बरोबरीच्या कारागिरांची पिढीही आता सरत आली आहे.

माझं म्हणणं असं की माहितीपटाने काही जपायचंच असेल तर हातांचं काम जपावं. अदेबिसी अकांजी मूळचा गवंडी. त्याने गावातल्या पेट्रोल पंपासाठी सिमेंटची जाळीही घडवली होती, तिच्यात माणसं, प्राणी, गोष्टी. अशा माणसाने सळईवर सिमेंट कसं थापलं, दोन माणसं उंच आकृती ओली असताना सावरली कशी, पावसाळ्यानंतर गेलेली चीर कशाने बुजवली? मी पाहिलेल्या एकाही माहितीपटात हे धड दिसत नाही. दिसतो तो धूर, ढोल, अंगात आलेली बाई, आणि तेही स्लो मोशनमध्ये. विधींचं चित्रीकरण सरळ बंद करावं या मताला मी आलोय.

सावली_दुपारची
साफ असहमत. तुम्हाला हवाय तो गवंडीकामाचा वर्ग, तो यूट्यूबवर ढिगाने मिळतो. राईतल्या मूर्ती शोभेसाठी केलेल्या नाहीत. शांगोदारे अजाला बाटिक करायचा आणि शांगो या विजेच्या देवाचा पुजारीही होता, वेंगरने त्याला मुलगा मानलं होतं. त्याचं मेण आणि रंग दाखवायचे आणि पूजा कापून टाकायची, तर त्या कापडावर ती आकृती का आली हे प्रेक्षकाला कळणार कुठून? आणि ऑगस्टमधल्या उत्सवात डोक्यावर झाकलेला कलश घेऊन चालणारी अरुग्बा हजारो माणसांसमोरून जाते. त्यात लपवायचं काय आहे?

जुनेपान
मिरवणुकीला कोणाचीच हरकत नसावी. प्रश्न दाराच्या आतल्या गोष्टींचा आहे आणि त्याला इतिहास आहे. १९५१ ची ब्राझीलमधली गोष्ट बघा. गुलाम म्हणून नेलेल्या योरुबांचे ओरिशा तिथे कांदोंब्ले या रूपाने टिकले. 'ओ क्रुझेइरो' या मोठ्या साप्ताहिकाने बाहियातल्या दीक्षाविधीचे फोटो छापले. मुंडण केलेल्या मुली, अंगावर बळीचं रक्त. मथळा काय, तर 'रक्तपिपासू देवांच्या नववधू'. त्याच वर्षी पॅरिसच्या एका साप्ताहिकातही असलाच मालमसाला आला होता. फोटो उत्तम होते हो, पुढे त्यांचं पुस्तकही निघालं. पण ज्या मुलींनी तो विधी घरातल्या माणसांपुरता म्हणून केला होता, त्या देशभरच्या केशकर्तनालयांत उघड्या पडल्या. याला जतन म्हणायचं?

खडूफळा
मग पिएर व्हेर्जेचं काय करायचं? तोही बाहियात कॅमेरा घेऊनच आला होता. फ्रेंच माणूस, पण पुढे पश्चिम आफ्रिकेत जाऊन इफा या योरुबा भविष्यकथनाच्या परंपरेची दीक्षा घेतली, बाबालावो (म्हणजे तिचा पुजारी) झाला, फातुंबी हे नाव घेतलं. अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे विधी त्याने टिपले आणि आज अभ्यासक त्याच्याच फोटोंकडे जातात. म्हणजे कॅमेरा कोणाच्या हातात आहे यावर सगळं ठरतं. विधी बंद करा म्हणणं म्हणजे मैदान नॉलिवूडला, म्हणजे नायजेरियातल्या सिनेमावाल्यांना, मोकळं सोडणं. तिथल्या किती सिनेमांत बाबालावो म्हणजे कवटी घेऊन बसलेला खलनायक, आणि शेवटी पाद्री येऊन त्याला भस्म करतो! योरुबा कलाकारांनी स्वतःच्या देवळाचा स्वतः माहितीपट काढला तर तो या असल्या चित्राला दिलेला जबाबच की.

लेगॉसचा_भाडेकरू
इथे नोकरीला असल्यामुळे लिहितोय, कलेतलं मला काही कळत नाही. आमच्या ऑफिसात एक योरुबा गृहस्थ आहेत, दर रविवारी चर्चला जाणारे. ओशोग्बोचं नाव काढलं की विषय बदलतात. पण मुलीला फोन लावला की आधी तिची ओरिकी, म्हणजे तिची स्तुतिकवनं, घडाघडा म्हणतात आणि मगच कामाचं बोलतात. ते आजीकडून आलंय. त्यांना कोणी 'परंपरेचं जतन करताय' म्हटलं तर चिडतील.

आणि एक मुद्दा इथे कोणीच काढला नाही: नदी. वरच्या अंगाला सोन्यासाठी बेकायदा खोदकाम चालतं आणि ओशुनचं पाणी चहासारखं लालसर झालंय. उत्सवात भाविक तेच पाणी औषध म्हणून पितात, बाटल्या भरून घरी नेतात. पिऊ नका असे इशारे देऊन झाले. मूर्ती कशा टिकवायच्या यावर सगळे बोलतात. ज्या देवीच्या त्या मूर्ती, ती गढूळ वाहतेय. मी निर्माता असतो तर कॅमेरा तिथे लावला असता.

रानपाखरू
आपल्या देवरायांची आठवण झाली. देवाच्या धाकाने राखलेलं जंगल, फांदी तोडायची नाही, शिकार नाही. तेच तत्त्व!

जुनेपान
@रानपाखरू, तत्त्व तेच, पण एक फरक मोठा आहे. कोकणातल्या राईत जुनं देऊळ पाडून काँक्रीटचं बांधलं की आपण हळहळतो. ओशोग्बोत सिमेंट हाच वारसा आहे, आणि काही आकृत्यांना तर पुरती साठ वर्षंही झालेली नाहीत. तिथे 'प्राचीन' म्हणून गळा काढणारं निवेदन ऐकलं की मला हसू येतं.

घडीव
नदीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. व्हेर्जेचं उदाहरणही चांगलं आहे, पण तो वर्षानुवर्षं तिथे राहिला होता. माहितीपटवाले उत्सवापुरते येतात. शिवाय योरुबा माणूस कॅमेऱ्यामागे असला म्हणजे प्रश्न सुटतो हे मला पटत नाही. एगुंगुनचंच घ्या. पूर्वज म्हणून नाचणाऱ्या त्या कापडाच्या थरांआड कोण आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, पण बोलायचं नसतं. गावच्याच पोराने कापड चढवतानाचा शॉट घेतला, तरी जे मोडायचं ते मोडलंच. उलट कसाली अकांगबेची ती लांबोडकी, सडसडीत लाकडी माणसं घ्या. ती ठोकळ्यातून निघताना दाखवली तर कोणाचं काहीच बिघडत नाही.

सावली_दुपारची
एगुंगुनचा शॉट नको, हे मीही म्हणेन. पण ते तिथल्या पुजाऱ्यांनी ठरवावं. तुम्ही-आम्ही पुण्यात बसून 'सरळ बंद करावं' म्हणणारे कोण? त्यांना स्वतःच्या नातवंडांसाठी विधी नोंदवून ठेवायचा असेल तर? दीक्षा घेणारी पोरं कमी होत असतील तर म्हातारा पुजारी मंत्र सांगणार कोणाला? त्याने चित्रीकरण करून घ्यावं, मूळ प्रत देवळात ठेवावी, बाहेर दाखवायचं ते वेगळं कापून द्यावं.

जुनेपान
देवळात ठेवलेली प्रत पुजाऱ्याच्या नातवाच्या मोबाइलवर यायला किती वेळ लागतो? आणि तिथून फेसबुकवर? माझी हरकत कायम.